कुटुंबाचे आरोग्य : दोघी जुळ्या, दुखणे एकीलाच



गेल्या आगमनकालात आमच्या टपालात एक जाड पाकीट आले. शिक्का इंदूरचा, आतील पत्ता खजरान्याचा, आणि अक्षर मात्र आपल्या नगरकडच्या मिशन शाळेत वळविलेले. खजराना हे पूर्वी इंदूरच्या पूर्वेस असलेले एक वेगळे खेडे. आता शहराने त्यास आपल्या पोटात घेतले आहे. तेथील गणपतीचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळचे म्हणून सांगतात. त्याच वस्तीत नाहरशाह वलींचा दर्गाही आहे. आणि ह्या दोहोंच्या सावलीत भाकरीच्या शोधात गेलेली आपली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतात. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, म्हणजे ज्या जिल्ह्याला आता त्यांचेच नाव मिळाले आहे त्या आपल्या जिल्ह्यातला. तेव्हा इकडची लेक तिकडे नांदायला जाणे ही वाट काही नवी नव्हे.

पत्र लिहिणारी भगिनी श्रीरामपूर तालुक्यातून लग्न होऊन तिकडे गेली, त्याला पंचवीस वर्षे झाली. तिची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत. मात्र तिचे नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. तिची जुळी बहीण इकडेच, माहेरापासून दोन कोसांवर दिलेली. लहानपणी दोघी इतक्या सारख्या दिसत की प्रथम कम्युनियनच्या दिवशी फादरांनी एकीला दोनदा नावाने हाक मारली होती, असे ती लिहिते.

चार हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरातल्या एका पहाटे नळाखाली भांडी घासताना तिच्या हाताची तीन बोटे एकाएकी खडूसारखी पांढरी पडली. मग ती निळी झाली, मग लाल, आणि मुंग्या येऊन ठणकू लागली. थंडीचा परिणाम म्हणून तिने दुर्लक्ष केले. पुढल्या वर्षी बोटे सुजली. लग्नाची अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. सूज उतरली, पण कातडी सैल होण्याऐवजी आवळत गेली. मूठ वळेना. पीठ मळता येईना. तोंडाभोवतीची कातडी ताणल्यामुळे घास लहान झाला, आणि कोरडी भाकरी घशाखाली उतरताना छातीत अडकू लागली.

शेजारीपाजारी कुजबुज सुरू झाली की हा महारोग असावा. कुणी तिचा कप वेगळा ठेवला. एका दवाखान्यात तर कातडीस बोट न लावताच महारोगाच्या गोळ्या सुरू केल्या गेल्या आणि त्यात आठ महिने गेले. शेवटी एका मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांनी तिचे हात हातात घेतले, कातडी चिमटीत धरून पाहिली, नखांच्या मुळाशी भिंगाने निरखले, रक्त तपासावयास धाडले आणि दुखण्याचे नाव सांगितले : सिस्टेमिक स्क्लेरोसिस. ह्यालाच स्क्लेरोडर्मा असेही म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘कठीण कातडी’ असा होतो.

एवढेच असते तर ते पत्र आमच्याकडे आले नसते. ही भगिनी धीराची आहे. तिचे खरे दुःख पत्राच्या शेवटच्या पानावर होते. तिच्या जुळ्या बहिणीच्या मुलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलाकडच्या मंडळींच्या कानावर मावशीचे दुखणे गेले. मावशी म्हणजे आईची जुळी. जे एकीच्या रक्तात ते दुसरीच्या रक्तात, आणि आईच्या रक्तात जे ते मुलीच्या, असा हिशेब त्यांनी मांडला आणि बोलणी थांबविली. भगिनी विचारते : “आम्हां दोघींना देवाने एकाच साच्यातून काढले. मग माझ्यात जो दोष आहे तो तिच्यात नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि तिच्या पोरीने माझ्यापायी घरी बसावे काय?”

वाचकहो, प्रश्न रोखठोक आहे. त्याचे उत्तरही रोखठोक दिले पाहिजे, आणि ते केवळ धीर देण्यासाठी नव्हे, तर खरे असले पाहिजे. म्हणून आम्ही ह्या विषयावरील वाचन केले आणि जाणत्या डॉक्टरांशी बोललो. जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम महारोगाचा संशय दूर करू. महारोगात जंतू असतात, चट्ट्याची संवेदना जाते, सुई टोचली तरी कळत नाही. ह्या दुखण्यात जंतू नसतो, आणि कातडी बधिर होत नाही. उलट बोटांची टोके फार दुखतात. ते कुणापासून कुणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, एका पेल्यातून पाणी प्याल्याने नाही, रोग्याचे हात चेपल्याने नाही. (महारोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या रोग्याचाही कप वेगळा ठेवण्याचे कारण उरलेले नाही, हे ओघात सांगून ठेवतो.)

मग होते तरी काय? आपल्या कातडीखाली आणि आतल्या अवयवांभोवती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. घोंगडीत जशी लोकर, तसे ते शरीराचे विणकाम होय. हे तंतू विणणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. जखम झाली की त्या जोरात कामाला लागतात, जखम भरली की थांबतात. ह्या दुखण्यात त्या थांबतच नाहीत. त्याआधी बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडलेले असते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच घटकांवर उठलेली असते. तंतू वाढत जातात, कातडी लाकडासारखी होते, आणि कित्येकांत अन्ननलिका, फुप्फुसे, हृदय आणि मूत्रपिंडे ह्यांतही तेच घडते.

रोग जुना आहे. १७५३ साली इटलीतील नेपल्स येथे कार्लो कुर्झिओ नामक वैद्याने एका सतरा वर्षांच्या मुलीची हकिकत छापली. तिची कातडी इतकी ताठ झाली होती की तोंड नीट उघडत नव्हते. त्याने तिला कोमट दूध दिले, वाफारे दिले, रक्त काढले, पारा दिला. आज आपण त्या उपचारांना हसू; परंतु त्याने रोग्याचे बारकाईने निरीक्षण केले आणि ते लिहून ठेवले, हे काही थोडे नव्हे. आमच्या भगिनीच्या पहिल्या दवाखान्यात तेवढेही झाले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू : हे रक्तातून उतरते काय?

आनुवंशाचे शास्त्र ज्याने सुरू केले तो आपल्याच ख्रिस्तसभेचा एक धर्मगुरू होता, हे पुष्कळांस ठाऊक असेल. ब्रनो येथील अगस्तिनी मठात ग्रेगोर मेंडेल ह्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून आठ वर्षे मोजदाद केली, आणि १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. १८८४ साली ते वारले तेव्हा त्याचे महत्त्व कुणास उमगले नव्हते. ते १९०० साली उमगले. मेंडेल ह्यांच्या वाटाण्यांत हिरवा की पिवळा, गुळगुळीत की सुरकुतलेला, असा सरळ निवाडा होता. काही रोगांत माणसाचेही तसेच असते. थॅलेसेमिया किंवा सिकल सेल ह्या रक्ताच्या रोगांत एकच जनुक बिघडलेले असते, आणि ते आईबापांकडून मुलांकडे कसे जाईल ह्याचे गणित आधीच मांडता येते. लोकांच्या मनात ‘रक्तात असणे’ ह्याचा अर्थ एवढाच बसला आहे. मुलाकडच्या मंडळींनी मांडला तो हिशेब हाच. तो थॅलेसेमियाला लागू पडतो. ह्या दुखण्याला लागू पडत नाही.

हे तपासण्याची परीक्षा देवाने आपल्या हाती दिलेली आहे, ती म्हणजे जुळी भावंडे. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच बीजातून दुभंगून झालेली ती एकसारखी, त्यांची जनुके जवळजवळ अक्षरशः एक. दोन बीजांची ती इतर भावंडांसारखीच, फक्त एका वेळी जन्मलेली. जो रोग सर्वस्वी जनुकांवर अवलंबून असेल, तो एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही झाला पाहिजे. १९५३ साली लुईजी गेड्डा ह्या डॉक्टरांनी रोममध्ये अशा जुळ्यांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि तिला मेंडेल ह्यांचेच नाव दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात आनुवंश-वैद्यकाच्या परिषदेस जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे पोप बारावे पायस ह्यांनी ह्या विषयावर सविस्तर भाषण केले होते.

तर ह्या कठीण कातडीच्या रोगाबाबत जुळ्यांनी काय सांगितले? अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी जुळ्यांच्या ४२ जोड्या गोळा केल्या, ज्यांत निदान एकास हा रोग होता, आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांच्या २४ जोड्या होत्या. त्यांत दोघांनाही रोग झालेली जोडी किती? फक्त एक. दोन बीजांच्या जुळ्यांच्या १८ जोड्या होत्या, त्यांतही एकच. म्हणजे जनुके सर्वस्वी सारखी असोत की अर्धीमुर्धी, फरक काहीच पडला नाही.

आमच्या भगिनीने हे पान दोनदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. तिच्या बहिणीसारख्या, हुबेहूब त्याच साच्यातील चोवीस बहिणी-भावांपैकी तेवीस निरोगी होते.

प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच अभ्यासात असे दिसले की एकसारख्या जुळ्यांतील निरोगी भावंडांपैकी बहुतेकांच्या रक्तातही आपल्याच पेशींवर उठणारी प्रतिद्रव्ये सापडत होती. दोन बीजांच्या जुळ्यांत ती बरीच कमी होती. म्हणजे कल वारशाने येतो. रोग येत नाही. जमीन सारखी असेल, पण त्या जमिनीत हे पीक उगवेलच असे नाही. पुढे २००१ सालच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीतला आकडा घ्या : रोग्याच्या सख्ख्या नातलगांना हा रोग होण्याचा संभव इतर लोकांपेक्षा सुमारे तेरा पट दिसला. तेरा पट हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. परंतु मूळ रोगच इतका विरळा आहे की तेरा पट होऊनही तो संभव शंभरात एकाहून कमीच राहतो. आणि येथे प्रश्न सख्ख्या नातलगाचा नसून भाचीचा आहे. मात्र आई जुळी असल्यामुळे जनुकांच्या दृष्टीने ती भाची लेकीसारखीच, हे मान्य करूनच आम्ही हा हिशेब सांगत आहोत.

मग जनुके सारखी असून एक बहीण आजारी आणि एक धडधाकट, हे कसे? येथे गेल्या काही दशकांतील शास्त्राने एक सुंदर गोष्ट उघड केली आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा सगळा संच असतो. डोळ्याच्या पेशीत यकृताची जनुकेही असतात आणि कातडीच्या पेशीत मेंदूचीही. तरी डोळा पित्त तयार करीत नाही. का? कारण कोणते जनुक केव्हा चालू करावयाचे आणि केव्हा बंद, ह्याची वेगळी व्यवस्था आहे. तिला जनुकनियमन म्हणतात. मिस्साविधीचा ग्रंथ प्रत्येक चर्चमध्ये एकच असतो. परंतु आज कोणते पान उघडावयाचे ते त्यातील फितीवरून ठरते. नाताळच्या रात्री कुणी शुभ शुक्रवारचे पान वाचीत नाही. ग्रंथात चूक नसूनही फीत भलत्या पानावर गेली तर घोटाळा व्हावयाचा तो होतोच. मजकूर न बदलता वरून होणाऱ्या अशा बदलांच्या अभ्यासाला कॉनरॅड वॉडिंग्टन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली एपिजेनेटिक्स हे नाव दिले. (ह्या गृहस्थांचे अगदी बालपण दक्षिण हिंदुस्थानातल्या चहाच्या मळ्यावर गेले होते.)

आपण पाटाच्या पाण्यावरची माणसे आहोत, तेव्हा आणखी जवळचे उदाहरण घेऊ. प्रवरेच्या कालव्याचे पाणी बारमाही वाहत असले तरी ते प्रत्येक वाफ्यात सदासर्वकाळ शिरत नाही. पाळी आली की दार उघडतात, वाफा भरला की दार बांधतात, आणि पाटकरी नजर ठेवतो. कोलॅजेनचे जनुक हे असे एक दार समजा. जखम झाली की एक रासायनिक निरोप येतो आणि दार उघडते. जखम भरली की ते बंद व्हावयास हवे. ते बंद ठेवणारे जे पाटकरी पेशीत आहेत त्यांपैकी एकाचे नाव एफएलआय-१. हे एक प्रथिन असून कोलॅजेनच्या जनुकाला आवर घालणे हे त्याचे काम.

अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो येथील बशार काहाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की स्क्लेरोडर्माच्या रोग्यांच्या कातडीतील पेशींत हा पाटकरीच बांधून ठेवलेला असतो. त्याच्या जनुकावर मिथिल नावाचे बारीक रासायनिक टिकले जास्त चिकटलेले आढळले. ज्या जनुकाच्या सुरुवातीस असे टिकले दाट चिकटतात ते सहसा मुके होते. जनुकाचा मजकूर जसाच्या तसा, एका अक्षराचा बदल नाही. पण ते वाचलेच जात नाही. पाटकरी नाही, म्हणून दार उघडे, म्हणून पाणी वाहतेच आहे आणि वाफा चिबडतो आहे. ह्याहून मौजेची गोष्ट ही की संशोधकांनी काचेच्या बशीत वाढविलेल्या त्या पेशींवर टिकले काढणारी द्रव्ये घातली, तेव्हा पाटकरी पुन्हा कामावर आला आणि कोलॅजेन उतरले.

ह्या पेशींना स्मरण असते, हे त्याहीपूर्वी कळले होते. १९७४ साली लेरॉय नावाच्या डॉक्टरांनी रोग्यांच्या कातडीतील पेशी शरीराबाहेर वाढविल्या. तेथे ना रोगट रक्त, ना बिघडलेल्या रक्तवाहिन्या. तरीही त्या पेशी वाजवीपेक्षा अधिक कोलॅजेन विणीतच राहिल्या. फितीचे स्थान जणू त्यांच्यात कायम झाले होते. पुढे २०१० साली झुरिकच्या संशोधकांनी आणखी एक दुवा शोधला. कोलॅजेनचा निरोप पोचण्याआधीच त्याला वाटेत गाठून नाहीसा करणारा आरएनएचा एक चिमुकला तुकडा पेशीत असतो. त्याचे नाव मिर-२९. रोग्यांच्या पेशींत तो फार कमी झालेला आढळला.

स्त्रियांनाच हा रोग पुरुषांच्या कितीतरी पट, सुमारे चार-पाच पट, का होतो ह्याचाही काही उलगडा ह्याच वाटेने होऊ लागला आहे. स्त्रीच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात आणि त्यांतील एक मुके ठेवलेले असते. चीनमधील संशोधकांना २०१२ साली असे आढळले की रोगी स्त्रियांच्या काही पांढऱ्या पेशींत ह्या गुणसूत्रावरील संरक्षक यंत्रणेस चेतविणाऱ्या एका जनुकाचे मिथिलचे टिकले गळून पडलेले होते. एकीकडे टिकले जास्त चिकटून नुकसान, दुसरीकडे गळून पडून नुकसान. शरीराची ही व्यवस्था किती नाजूक तोलावर उभी आहे ते ह्यावरून दिसते.

आता सहज प्रश्न येतो, की फीत हलते कशाने? सर्वच कारणे हाती आलेली नाहीत. परंतु एक कारण असे आहे की त्याविषयी आपल्या कष्टकरी घरांनी सावध झालेच पाहिजे, आणि ते म्हणजे दगडाची धूळ. १९१४ साली एडिंबरोचे डॉक्टर बायरम ब्रॅमवेल ह्यांच्या ध्यानात आले की आपल्याकडील ह्या रोग्यांत पाथरवटांचा भरणा विशेष आहे. १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत इरॅस्मस ह्या डॉक्टरांना तेच दिसले. गारगोटीत आणि वाळूच्या दगडात असणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की संरक्षक पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. आणि मग वर्षानुवर्षे आतल्या आत धुमसत राहतात. त्या धगीत चालू-बंद करण्याची खुणांची व्यवस्था विस्कटते, असा आजचा समज आहे.

इंदूरपासून फार दूर नाही असे मंदसोर. तुम्हीआम्ही मिशन शाळेत पाटीवर ज्या पेन्सिलीने ग म भ न गिरविले, त्या पेन्सिली तेथील दगडातून कापून निघत. ती कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील कामगारांची फुप्फुसे अकाली निकामी झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या सुमारास तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. १९८२ साली मध्यप्रदेशात ह्या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी खास कायदा करावा लागला. झाबुआ, अलिराजपूर आणि धार भागांतील आपले आदिवासी बांधव गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि खोकत घरी परतले, त्यांच्या मृत्यूंच्या भरपाईचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ह्या सर्वांना कठीण कातडीचा रोग झाला असे नव्हे. सिलिकोसिस वेगळा, हा वेगळा. परंतु ही धूळ दोघांचीही वाट मोकळी करते.

आमच्या भगिनीने पत्रात सहज लिहिले आहे की लग्नानंतर सात वर्षे ती ग्रॅनाइटच्या फरश्या कापण्याच्या वखारीत झाडलोट करीत असे. केरसुणी कोरडी, नाकाला पदर, तोही आठवला तर. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते. तिची बहीण ह्या काळात इकडे उसाच्या शेतात राबत होती. ह्या सात वर्षांनीच रोग आणला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. धुळीचा हा संबंध स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक स्पष्ट दिसलेला आहे, आणि धूळ न खाल्लेल्या पुष्कळ बायकांनाही हा रोग होतो. पण दोन बहिणींच्या आयुष्यात काय वेगळे होते, असे कुणी विचारील तर आम्ही रक्ताकडे बोट दाखविण्याआधी त्या केरसुणीकडे दाखवू. ज्या घरातील माणसे दगडखाणीत, खडी क्रशरवर किंवा फरशीच्या कामावर जातात त्यांनी धूळ ओली करूनच झाडावी, कापताना पाणी सोडावयास मालकास सांगावे, आणि धुळीसाठी बनविलेला मुखपट्टा वापरावा. पदराने ती बारीक धूळ अडत नाही.

आता सोयरिकीविषयी. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कुणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांस प्रभूचे उत्तर ठाऊकच आहे. दोन हजार वर्षे झाली, आपण अजून तोच प्रश्न विचारतो आहोत. फक्त पापाच्या जागी ‘रक्त’ हा शब्द घातला आहे. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३० साली विवाहाविषयीच्या आपल्या ‘कास्ती कोन्नूबीई’ ह्या परिपत्रकात, विवाहास एरवी योग्य असलेल्यांना केवळ आनुवंशिक दोषाच्या भयाने विवाहास मनाई करण्याच्या मताचा स्पष्ट निषेध केला आहे. सल्ला द्यावा, विचार करावयास सांगावे, हे त्यांनी मान्य केले. परंतु मनाई नव्हे. आणि येथे तर सल्ला देण्याजोगा दोषही मुलीत सापडलेला नाही. रक्त तपासून ‘हिला हा रोग होईल’ असे सांगणारी कोणतीही परीक्षा नाही, म्हणून मुलीचे रक्त तपासून आणा असे म्हणण्यातही अर्थ नाही.

मुलाकडच्या मंडळींवर आम्ही रागावलेलो नाही. मुलाच्या आईला भय वाटले, ते आईचे भय होते. पण भयाला आकड्यांचा आधार नाही.

आजारी भगिनीसाठी चार शब्द. ह्या रोगाला समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. टिकले काढण्याची जी द्रव्ये काचेच्या बशीत गुणकारी ठरली ती ह्या रोगाच्या रोग्यांना देण्याजोगी अजून झालेली नाहीत. त्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. परंतु पूर्वीसारखी निराशेची स्थितीही नाही. ह्या रोगात कधी कधी रक्तदाब एकाएकी वाढून मूत्रपिंडे बंद पडतात. १९८० पूर्वी असे झालेल्या शंभरांतले पंधराच वर्षभर जगत. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल नावाचे औषध निघाले, आणि त्याच्या जातीची औषधे वापरल्यावर शंभरांतले शहात्तर जगू लागले. विषातून औषध कसे निघते पाहा. म्हणून दर आठवड्यास रक्तदाब मोजवून वहीत लिहावा. डोके फार दुखून दिसणे अंधुक झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत त्या ह्या रोगात मूत्रपिंडांवरचे हे संकट ओढवून आणू शकतात. फुप्फुसांसाठीही आता औषधे आहेत. त्यांतील एकास, निंटेडॅनिबला, २०१९ साली अमेरिकेत ह्या रोगासाठी मान्यता मिळाली. धाप लागू लागली तर वाट पाहू नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेने पश्चिम भारतातील ह्या रोग्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला आहे. तेव्हा हा रोग ओळखणारे डॉक्टर आपल्या भागात नाहीत असे कुणी समजू नये.

घरी करावयाचे ते साधे आहे. भांडी कोमट पाण्याने घासावीत, किंवा हे काम दुसऱ्या कुणी घ्यावे. थंडीत हातमोजे, पायमोजे आणि अंगातही उबदार कपडे. कारण छाती गारठली तरी बोटे पांढरी पडतात. घरात बिडी-तंबाखू नको. रात्री जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये, उशाकडची बाजू विटा लावून उंच करावी. बोटे आणि तोंड ह्यांचे हलके व्यायाम रोज. आणि थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्या प्रत्येकाने घाबरू नये. त्यांतील बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. बोटे पांढरी पडून शिवाय सुजतही असतील, टोकांस जखमा होत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आम्ही हे सर्व तिला हाताने लिहून कळविले होते. उपवासकालाच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे उत्तर आले. उजव्या हाताच्या टोकाची जखम भरली आहे. कापलेल्या अंगठीचे सोने तिने सोनाराकडून सांधून घेतले. ती अंगठी आता गळ्यातल्या क्रुसाशेजारी साखळीत असते. भाचीने लोकरीचे हातमोजे विणून धाडले आहेत, बोटांवर दुहेरी टाके घालून. तिची आई सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस जाणार आहे आणि ह्या वेळी खजरान्याच्या बहिणीलाही बोलावणार आहे.

लग्नाविषयी एवढेच, की गावच्या फादरांनी मुलाच्या घरी दोनदा जाऊन बोलणे केले. मुलगा पहिल्यापासूनच तयार होता. आई म्हणाली, तुम्ही तोंडी सांगता ते खरे असेल, पण छापील काही असेल तर दाखवा. म्हणून हा मजकूर दोन आठवडे आधीच घेतला आहे, आणि अंकाची एक प्रत फादरांच्या हाती त्या घराकडे जाईल अशी व्यवस्था केली आहे.